एका भूमिकेचा शिक्का : प्रिया तेंडुलकर आणि ‘रजनी’

‘जास्त रजनी बनू नका, बाई.’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या गॅस एजन्सीच्या काउंटरवर. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आईच्या हातात गॅसचं पुस्तक होतं, नंबर लावल्याची तारीख त्यात पेनाने लिहिलेली होती आणि तिला महिना उलटून गेला होता. काउंटरमागचा माणूस नेहमीचंच सांगत होता, ‘गाडी आली नाही.’ एरवी आई एवढं ऐकून घरी यायची आणि रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावरून खाली काढायची. त्या दिवशी तिने तक्रारवही मागितली. तो हसला, शेजारच्याला डोळ्याने खुणावलं आणि ते वाक्य टाकलं. आई जागची हलली नाही. रांगेतल्या एक काकू पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘हो, रजनीच आहेत त्या. काढा वही.’ वही निघाली. पहिलं पान कोरं होतं. आईने त्यावर चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली, सहीखाली दोन रेघा ओढल्या. सिलिंडर चौथ्या दिवशी दारात आला.

त्या काउंटरवर कुणीही प्रिया तेंडुलकरचं नाव घेतलं नाही. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याची गरज कुणाला पडली नाही. हे प्रकरण त्याबद्दलच आहे. दूरदर्शनवरच्या एका मालिकेतलं पात्र लोकांच्या बोलण्यात विशेषण होऊन बसलं आणि ते साकारणारी, अनेक अंगांची नटी पुढची सतरा वर्षं त्या विशेषणाआड राहिली. हे कसं घडलं, त्यात कुणाचा किती वाटा होता आणि तिने स्वतः त्यातून काय काय वाटा काढून पाहिल्या, ते मला नीट मांडायचं आहे. प्रियाबद्दल लिहिताना लोक ‘रजनी’वर थांबतात. मलाही तिथेच थांबावं लागणार आहे, पण तिथून सुरुवात करायची नाही.

रजनीआधी

प्रियाचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४चा. वडील विजय तेंडुलकर. ती शाळा-कॉलेजच्या वयात असताना, १९७२मध्ये, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आली, आणि त्यावरून काय गदारोळ झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. लोक चिडतात, मोर्चे काढतात, नाटक बंद पाडायला निघतात आणि लिहिणारा माणूस सकाळी उठून पुन्हा टेबलाशी बसतो, हे तिने घरातच पाहिलं. पुढे तिच्यावर जे आलं ते पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१९७४मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. तो आपल्याला आठवतो शबाना आझमीच्या लक्ष्मीमुळे. पण त्यात सूर्याची, म्हणजे अनंत नागची, कोवळी बायको सरू आहे आणि ती प्रिया आहे. वीसही पुरी न झालेली. नव्या घरात पाऊल टाकताच तिथली हवा ओळखणारी आणि आपली जागा धरून बसणारी ही मुलगी तिने फार थोड्या शब्दांत उभी केली. ज्यांना ती फक्त रजनी म्हणून माहीत आहे त्यांनी तो सिनेमा सरूसाठी एकदा पुन्हा पाहावा. तिथे ती न्यायाच्या बाजूची नाही. ती स्वतःचं बघते, थोडी कोतीही आहे, आणि तरी तिचा राग येत नाही.

त्यानंतर तिची गाडी सरळ रुळावर लागली, असं काही झालं नाही. पंचतारांकित हॉटेलात तिने रिसेप्शनला नोकरी केली, हवाई सुंदरी म्हणून काम केलं, मॉडेलिंग केलं, बातम्या वाचल्या. १९८०मध्ये शंकर नागच्या ‘मिंचिना ओटा’ या कन्नड चित्रपटात ती होती. मग मराठी सिनेमा. १९८४च्या ‘मुंबईचा फौजदार’ आणि ‘माहेरची माणसं’सारख्या चित्रपटांतून ती प्रेक्षकांच्या ओळखीची झाली. म्हणजे १९८५ उजाडलं तेव्हा ती तीस वर्षांची होती, तीन भाषांत काम केलेली, नोकऱ्या केलेली, चार प्रकारची माणसं जवळून पाहिलेली. तिच्यावर कसलाही शिक्का नव्हता. नटीला याहून चांगली जागा नाही असं मला वाटतं.

मालिका चिकटली ती का?

बासू चटर्जी यांची ‘रजनी’ १९८५मध्ये सुरू झाली. रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी. दर भागात एक रोजचा जाच समोर यायचा, कुठे गॅस एजन्सी, कुठे टॅक्सीवाला, कुठे सरकारी कचेरीतली टोलवाटोलवी. बाकीचे ‘जाऊ द्या’ म्हणायचे. रजनी जाऊ द्यायची नाही. ती विचारायची, नियम मागायची, वरच्या साहेबाकडे जायची आणि काम करून घेऊनच परतायची.

आज हे साधं वाटेल. तेव्हाचं घर डोळ्यांपुढे आणा. नव्या गॅस कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. फोनचंही तेच. सिलिंडर संपला की नंबर लावायचा आणि दैवावर हवाला ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणून तक्रार करायची तर दाद मागायला सोपी जागा नव्हती, दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढणार? चळवळ मात्र होती. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं होतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून घराघरांतल्या बायकांना एकत्र आणून महिन्याचं वाणसामान थेट खरेदी करत होती. वजनकाटा बघून घ्या, पावती मागा, हे त्या बायका आपापल्या गल्लीत सांगतच होत्या. रजनी आकाशातून पडली नव्हती. तिला ओळखणाऱ्या बायका आधीपासून तयार होत्या, त्यांना पडद्यावर आपलं माणूस दिसलं इतकंच.

ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६मध्ये आला. २४ डिसेंबर हा दिवस आपण त्याच कायद्यामुळे राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. मालिका १९८५ची, कायदा १९८६चा, म्हणून ‘रजनीने कायदा आणला’ असं बोललं जातं. ते मला पटत नाही. कायद्यामागे चळवळीतल्या माणसांचे बारा-पंधरा वर्षांचे कष्ट होते आणि ते त्यांच्याच नावावर राहायला हवेत. मालिकेने केलं ते वेगळं. तक्रार करणाऱ्या बाईला ‘भांडखोर’ म्हणायची जी सवय होती, तिला मालिकेने धक्का दिला. आमच्या काउंटरवरच्या काकूंनी ‘रजनीच आहेत त्या’ म्हटलं ते कौतुक होतं. वर्षभरापूर्वी त्या गप्प राहिल्या असत्या.

आता प्रियाकडे. हे पात्र दुसऱ्या कुणी केलं असतं तर इतकं चिकटलं असतं का? मला नाही वाटत. त्या काळात सर्फच्या जाहिरातीतली ललिताजीही हिशेब मागत होती, आणि कविता चौधरीने ती फारच नेमकी केली होती. पण ललिताजी शहाणपण सांगते, रजनी अडवते. अडवणारी बाई पडद्यावर दहा मिनिटांत कर्कश वाटू लागते, हा त्या भूमिकेतला सगळ्यात मोठा धोका होता. प्रियाने तो ओळखला होता असं तिचं काम पाहताना वाटतं. समोरचा तावातावाने बोलत असताना ती त्याला पुरतं बोलू देते. मग एकच प्रश्न विचारते आणि थांबते. ते थांबणं तिचं होतं. तिच्या नजरेत तुच्छता नसायची. खालच्या कारकुनालाही ती माणूस म्हणूनच बघायची, त्यामुळे तो कारकून शेवटी वळला की खोटं वाटायचं नाही. चेहरा नायिकेचा होता, पण वावर कॉलनीतल्या कुणाचाही. साडीचा पदर खोचून ती बसची वाट बघत उभी राहिली असती तर आपण सरकून जागा दिली असती.

यात एक मेख होती. रजनीला स्वतःचं असं फारसं काही दिलेलं नव्हतं. तिची भीती, तिच्या चुका, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर तिला येणारे विचार यांना त्या रचनेत जागाच नव्हती. भाग सुरू झाला की तक्रार, संपला की निकाल. पात्राला आतली बाजू नसली की प्रेक्षक ती नटीकडून उसनी घेतो. प्रियाचा आवाज, प्रियाची मान, प्रियाचं हसू, एवढंच रजनीचं अंतरंग होतं. दोघी वेगळ्या करायला धागाच उरला नाही.

आणि घराघरांत बघण्यासारखं एकच दूरदर्शन. आज दोन हजार जणींत एक मालिका विरून जाते. तेव्हा सगळी गल्ली एकाच वेळी एकच चेहरा बघत होती.

टॅक्सीवाल्यांचा मोर्चा

या प्रकरणातला कळीचा प्रसंग हा. टॅक्सीचालकांच्या वागण्यावरचा भाग दाखवला गेला आणि मुंबईतले टॅक्सीवाले खवळले. त्यांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला.

क्षणभर हे नीट पाहू. काळ्या-पिवळ्या टॅक्स्या चालवणारी माणसं, ज्यांचा एक दिवस बुडाला की घरात त्या दिवसाचे पैसे येत नाहीत, ती रस्त्यावर उतरली एका काल्पनिक बाईविरुद्ध. मला त्यांचा राग खोटा वाटत नाही. सगळ्या धंद्यावर डाग लागल्यासारखं त्यांना वाटलं असणार, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाईक मीटरकडे संशयाने बघणार हे त्यांना कळत होतं. पण नटीच्या बाजूने बघितलं तर त्या दिवशी एक रेघ पुसली गेली. तिच्या तोंडी लेखकाने लिहिलेलं, दिग्दर्शकाने बसवलेलं, दूरदर्शनने मंजूर केलेलं वाक्य हे तिचं मत ठरलं. ज्यांना रजनी आवडत होती त्यांनीही तेच केलं, फक्त मोर्च्याऐवजी प्रेमाने. ग्राहकांच्या प्रश्नावर व्यासपीठ असलं की प्रियाला बोलवायचं. रस्त्यात दिसली की आपली तक्रार सांगायची. पत्रं लिहायची. ‘तुम्ही जरा त्या अमुक साहेबांशी बोलाल का?’

तिने हे झिडकारलं नाही. सामाजिक प्रश्नांवर ती मनापासून बोलत राहिली, तो तिचा पिंडच होता, घरातून आलेला. आणि गुंता तिथेच आहे. ती जर आतून निराळी, अलिप्त बाई असती तर मुलाखतींत ‘मी रजनी नाही’ असं ठामपणे सांगून मोकळी झाली असती. इथे पात्र आणि बाई यांच्यात खरोखरच बरंच साम्य होतं. नाकारायचं तरी किती? त्यात मालिकेतला नवरा झालेल्या करण राजदानशी तिने १९८८मध्ये लग्न केलं. प्रेक्षकांच्या मनातलं वर्तुळ पुरं झालं. १९९५मध्ये ते दोघं वेगळे झाले, तोवर मालिका संपून बरीच वर्षं लोटली होती.

पुढची कामं

विजय तेंडुलकरांनी दूरदर्शनसाठी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली आणि तिची नायिका होती प्रिया. स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई. लेखन ताकदीचं, काम तर होतंच. पण बाहेरून बघणाऱ्याला ती रजनीचीच धाकटी बहीण वाटली. बापाने लेकीसाठी लिहिलं तेव्हाही ठाम, लढणारी बाईच लिहिली, यावरून शिक्का किती खोल गेला होता याचा अंदाज येतो.

सिनेमात काय झालं ते ‘त्रिमूर्ती’त दिसतं. डिसेंबर १९९५, मुकुल आनंद दिग्दर्शक. प्रिया त्यात जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान या तिघांची आई आहे. तेव्हा तिचं वय एकेचाळीस, अनिल कपूर एकोणचाळीसचा. दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलाची आई होणं हे आपल्याकडच्या नट्यांच्या वाट्याला नेहमीच आलं आहे आणि त्याची चीड मला दर वेळी नव्याने येते. पण या भूमिकेत आणखी एक गोष्ट आहे. ही आई प्रामाणिक पोलीस अधिकारी आहे, जी गुंडापुढे वाकत नाही आणि खोट्या आरोपात तुरुंगात जाते. दहा वर्षांनंतरही प्रिया तेंडुलकर म्हटलं की निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर न झुकणारी बाईच यायची. वय वाढलं, पदर बदलला, गणवेश आला, आतला साचा तोच.

त्याच वर्षी झी टीव्हीवर ‘हम पाँच’ सुरू झाली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रमावंसं वाटतं ते इथे.

आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ, पाच मुलींचा पिचलेला बाप. दुसरी बायको शोमा आनंद. आणि भिंतीवर पहिल्या, दिवंगत बायकोचा हार घातलेला फोटो. मुलींनी घर डोक्यावर घेतलं की आनंदराव फोटोसमोर येऊन गाऱ्हाणं मांडतात आणि फोटो बोलू लागतो. तो फोटो म्हणजे प्रिया.

नटीची साधनं कोणती? चाल, हात, अंग, जागा. ती सगळी काढून घेतलेली. उरतो खांद्यापर्यंतचा देह आणि चौकट. इतक्याशा जागेत तिने पूर्ण संसार केलेली, नवऱ्याला आरपार ओळखणारी, मेल्यावरही त्याला न सोडणारी बायको उभी केली. अशोक सराफांचं विनोदाचं टायमिंग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, त्यांच्यासमोर न हलता टिकायचं म्हणजे खायचं काम नाही. ती नुसती भुवई उचलायची आणि वाक्य त्यांच्या वाक्यावर बरोबर पडायचं. रजनीत जी थांबण्याची जागा होती तीच इथे हशासाठी वापरली होती. ‘अंकुर’नंतर तिच्यातली नटी मला इथे पुन्हा पूर्ण दिसते. काहींना हे दुय्यम काम वाटतं. कुठे देशभर गाजलेली नायिका आणि कुठे भिंतीवरचा फोटो, असं हळहळून बोलताना मी लोकांना ऐकलं आहे. मला ते मान्य नाही. मालिकेने तिच्या अधिकारवाणीचा उपयोग करून घेतला हे खरं, पण त्या आवाजाला पहिल्यांदाच विनोद, लाडीगोडी आणि थोडा मत्सरही दिला. जे रजनीला कधी मिळालं नव्हतं.

स्वतःच्या नावाने

नव्वदच्या दशकातच तिने चर्चेचा कार्यक्रम केला, आणि त्याच्या शीर्षकात तिचं स्वतःचं नाव होतं, ‘प्रिया तेंडुलकर शो’. समोर खरी माणसं, प्रश्न खरे, हातात माइक. मला यात तिचा सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो. लोकांना तिच्याकडून प्रश्न विचारणारी बाईच हवी होती ना? मग ती बाई तिने पात्राच्या आडून काढून स्वतःच्या नावावर केली. आता बोललेलं वाक्य खरोखर तिचं होतं आणि त्याचा बरा-वाईट जाबही तिचाच. ‘जिम्मेदार कौन’ हाही असाच कार्यक्रम.

दुसरी वाट लेखनाची. हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रियाने मराठीत कथा लिहिल्या, ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हा तिचा संग्रह. हॉटेलातल्या नोकरीच्या अनुभवावर ‘पंचतारांकित’ लिहिलं. तेंडुलकरांच्या घरात राहून मराठीत लिहायचं म्हणजे दुसरा एक शिक्का अंगावर ओढून घ्यायचा. तरी तिने लिहिलं. ती कॅमेऱ्यासमोरच्या कामातून जितकी एका साच्यात बसवली गेली, तितकीच कागदावर त्याबाहेर होती. कथेत निकाल लावावा लागत नाही. माणूस चुकतो, हरतो, गप्प बसतो आणि तिथेच सोडता येतो. रजनीला ही सवलत कुणी दिली नव्हती.

दोष कुणाला द्यायचा? दूरदर्शनने, बासूदांनी आपलं काम चोख केलं. निर्मात्यांनी पुढे सोपा रस्ता धरला, ते धरतातच. माझं बोट जास्त आपल्याकडे वळतं, बघणाऱ्यांकडे. आम्हाला आमच्या वतीने भांडणारी एक बाई हवी होती आणि ती मिळाल्यावर आम्ही तिला दुसरं काही होऊ द्यायला तयार नव्हतो. ती हसरी, लबाड, दुष्ट, प्रेमात वेडी झालेली कशी दिसेल याचं आम्हाला कुतूहलच उरलं नाही. आणि तरी माझ्या आईची ती कोऱ्या पानावरची सही मला खोडून टाकता येत नाही. ती सही प्रियाच्या खर्चाने झाली, असं मला आता वाटतं, आणि झाली म्हणून बरंही वाटतं. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

प्रियाला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९ सप्टेंबर २००२ रोजी प्रभादेवीच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस बरोबर एक महिन्यावर होता. विजय तेंडुलकर मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेपर घेऊन माझ्याकडे आली. ‘रजनी गेली गं,’ म्हणाली. मी बातमी वाचली. तिने विचारलं, ‘वय काय दिलंय?’

‘सत्तेचाळीस.’

आई पेपर हातात घेऊन पुन्हा तो आकडा बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्याहून लहान होती. मला इतकी वर्षं वाटत होतं, मोठी आहे.’